निरंक

कमानीवर मोठ्या सोनेरी अक्षरांत 'लेक व्ह्यू' असं लिहिलं होतं आणि नजर पोचेल तिथवर तलावाचा पत्ता नव्हता. मैत्रीने पाटी मोठ्याने वाचली आणि तिचा अर्थही आजीला सांगून टाकला. गोकुळाने कपाळावर हात धरून चारी बाजू न्याहाळल्या.

"मंग तलाव कुठी आहे?"

"ते नाव आहे आजी," गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेला साईटवाला म्हणाला. "नाव चांगलं असलं की घरं लवकर जातात."

"आमच्या गावात पाणी आहे तं त्याले कोणी धड नाव नाई देत," गोकुळा म्हणाली, "आन् इथी नाव आहे तं पाणी नाई."

सगळे हसले. मैत्रीचा आजोबा मनसारामही मोकळेपणी हसला. त्या दिवशीचं त्याचं ते शेवटचं मोकळं हसू.

मे महिना संपत आला होता आणि सकाळचे आठ वाजले नव्हते तरी ऊन अंगाला चावत होतं. चैतूने त्यांना कमानीपाशी उतरवून ऑटो पुढच्या भाड्याला नेला होता. चैतू म्हणजे लटारूचा थोरला, मनसारामचा पुतण्या. वाटेत प्रत्येक फाट्यावर ऑटो हळू करून तो मागे विचारायचा, "मैत्री, पाटीवर काय लिहिलं आहे पाह्य बरं." तिशी ओलांडलेला बाप्या, आणि सात वर्षांच्या पोरीकडून रस्ता वाचून घेत होता. मैत्रीला त्यात मोठी गंमत वाटत होती. मनसाराम मात्र प्रत्येक पाटीला दुसरीकडे बघत होता.

घर शोधायला लागून तीन महिने झाले होते आणि तेवढ्या काळात कुटुंबाचे दोन पक्ष पडले होते. मैत्रीचा बाप भूपेश बल्लारपूरच्या कागद कारखान्यात हजेरीबाबू. त्याचं म्हणणं, बल्लारपुरातच राहू, सायकलवर कामाला जाईन. आई संघप्रिया चंद्रपुरात दवाखान्यात नर्स. तिची गाडी चुकली की ड्यूटी चुकायची, आणि महिन्यातून चारदा तरी चुकायची. तिला भद्रावती हवं होतं, तिथे फॅक्टरीच्या वसाहतीत तिची बहीण होती आणि शाळा नावाजलेली होती. पण मग भूपेशला रोज दोन एसट्या बदलाव्या लागल्या असत्या. गोकुळाने सगळ्यांना चकित करून सुनेची बाजू घेतली होती. कोर्टात लागलेल्या या लग्नानंतर जिने वर्षभर सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही तीच आता "संघप्रिया म्हणते थेच बराबर" असं म्हणू लागली, तेव्हा भूपेश एकटा पडला. मनसाराम लेकाच्या बाजूचा, पण त्याच्या मताला कोणी विचारत नव्हतं.

आणि मग चंद्रपुरातच ही जागा निघाली. स्टेशन बारा मिनिटांवर, दवाखाना दहा, आणि शाळा तर रस्त्याच्या पलीकडे. मैत्री तिथली परीक्षा पास झाली होती. फक्त सोमवारपर्यंत जवळचा पत्ता दाखवायचा होता, कारण शाळेची बस शहराबाहेर जात नव्हती. आज शनिवार. पक्षभेद एका रात्रीत मिटले. भूपेश म्हणाला, "इसार द्यायच्या आधी घरची मोठी माणसं एकदा पाहून घेऊ द्या." म्हणून आई आली, बाबा आला, आणि लटारूकाकाही आला.

लटारूला बोलावणं ही भूपेशची कल्पना. दोघा भावांचा आठ वर्षांचा अबोला सुटून दोनच वर्षं झाली होती. अबोला बांधाच्या भांडणावरून होता असं सगळा गाव म्हणायचा. लटारू आता मिस्त्री होता. उमेदीची वर्षं तेलंगणात मिरची तोडण्यात गेली, बायकापोरं बरोबर, शाळा नाही की पाटी नाही. उतारवयात त्याने थापी हातात घेतली आणि तिच्यात नाव कमावलं. सदऱ्याच्या खिशात मिस्त्र्याची चपटी पेन्सिल कायम असायची. घरात शिरल्या शिरल्या त्याने भिंती ठोकून पाहायला सुरुवात केली.

"प्लास्टर बरं आहे," तो म्हणाला. "इटा मात्र कच्च्या वाटून राह्यल्या."

"काका, असं कसं म्हणता," साईटवाला म्हणाला. "चौदा नंबर आमचं सगळ्यात भारी घर आहे. मागं पाहा ना, नैसर्गिक उंचवटा. वर चालायला रस्ता केला. सकाळी फिरायला लोक पैसे देऊन जातात अशा जागी."

मनसाराम स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभा राहिला.

समोर हातभर बाग सोडून कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे तो उंचवटा. उजवीकडून डावीकडे, एका लयीत, मधेच किंचित वाकलेला. निसर्ग असा उंचवटा करत नाही. माणसं डोक्यावर माती वाहून करतात. ही पाळ होती. तलावाची पाळ. तिच्या पायथ्याशी झुडपांत अर्धं तोंड बुजलेली एक दगडी मोरी दिसत होती. पाळीतून शेताला पाणी सोडायच्या अशा मोरीला ह्या भागात तुडुम म्हणतात. तुडुमाच्या माथ्यावरच्या दगडाला डाव्या कोपऱ्यात एक खाच होती. दोर घासून घासून पडलेली. तो दोर मनसारामच्या मासेमारीच्या डोंग्याचा होता.

त्याने चौकट धरली. एवढे रस्ते, एवढे पूल, एवढ्या गल्ल्या झाल्या होत्या की चैतूच्या ऑटोतून येताना त्याला कुठेच काही ओळखीचं वाटलं नव्हतं. हा सोनेझरीचा तलाव होता. त्यांच्या मच्छीमार संस्थेकडे जे तीन तलाव होते, त्यांतला सगळ्यात मोठा. गावापासून लांब म्हणून उन्हाळ्यात इथे पाळीवर पाल ठोकून महिना महिना राहायचे सगळे. आणि चौदा नंबरचं घर जिथे उभं होतं ती डोहाची जागा. बाकी तलाव आटला तरी इथे मरळ तग धरून राहायची.

शेजारी लटारू उभा होता. त्यानेही एकदा पाळीकडे पाहिलं, मग खाली वाकून फरशीचा सांधा बोटाने तपासला आणि आत गेला. मनसारामला वाटलं, सुटलो. त्याला नाही ओळखू आलं.

आणि सुटलो असं वाटल्याचीच त्याला इतकी लाज वाटली की कानशिलं गरम झाली.

सव्वीस वर्षं झाली होती. मनसाराम तेव्हा संस्थेचा अध्यक्ष होता, कारण सगळ्यांत त्यालाच सही करता यायची. सही म्हणजे फक्त नाव. 'म'ची गाठ तो अशी मारायचा की शेजारच्या काठीसकट ते अक्षर शेपटी फिरवलेल्या मासोळीवाणी दिसायचं. चंद्रपुरातल्या एका बड्या माणसाने त्याला घरी बोलावलं. जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून त्याने ओल्या पोत्यात दोन मरळी नेल्या, सोनेझरीच्याच, पहाटे काढलेल्या, अजून तडफडत होत्या. बाईंनी पोतं आत नेलं. साहेबांनी कागद पुढे केला. त्यात एका रकान्यात एकच शब्द होता. मनसारामने विचारलं, हे काय लिहिलं आहे? साहेब म्हणाले, निरंक. म्हणजे काही नाही. म्हणजे ह्या तलावात मासळीचं उत्पन्न काही नाही, गेली पाच वर्षं नाही, संस्थेची काही हरकत नाही. तुझा मुलगा हुशार आहे म्हणतात, आमच्या ओळखीचं एक वसतिगृह आहे, चांगली शाळा आहे, ह्याच जूनपासून घेतील.

आतल्या खोलीत मरळीने पोत्यात उसळी मारली. तो आवाज दोघांनीही ऐकला. मनसारामने नाव लिहिलं.

गावात येऊन त्याने सांगितलं, सरकारने ठेका रद्द केला, आपलं काही चाललं नाही. कोणी शंका घेतली नाही. अध्यक्षावर कोण शंका घेणार? त्या दिवाळीनंतर सात घरं मिरचीला गेली. पहिलं घर लटारूचं होतं.

"मामाजी."

संघप्रिया मागे येऊन उभी राहिली होती. तिला सगळ्या गोष्टी दोनदा तपासायची सवय, दवाखान्यात लागलेली.

"मामाजी, हे सगळे प्लास्टर पाहून राह्यले, फरशी पाहून राह्यले. मले एकच विचाराचं आहे. गेल्या पावसाळ्यात इथी नुसते पाये होते, म्हणून कोणाले काही माहीत नाई. तुमचा जनम पाण्यात गेला. तुमी सांगा, इथी पाणी भरन का?"

एवढ्या तीन महिन्यांत त्याचं मत विचारणारी ती पहिली. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो जे सांगेल त्यावर ती घरासारखं घर उभं करेल. मनसारामच्या तोंडात उत्तर तयार होतं. पण हो म्हटलं की ती विचारणार, तुम्हाला कसं माहीत? मग तलाव. मग तलाव गेला कसा? आणि आत भिंत ठोकत लटारू.

"नाई," तो म्हणाला. "पाणी कायचं भरते इथी. उंच आहे जागा."

"पक्कं?"

"पक्कं."

संघप्रियाचा चेहरा सैल झाला. "मंग झालं," ती म्हणाली. "तुमी म्हटलं तं माहा जीव थंडा झाला." आणि तिने जाता जाता त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर पडलेली चुन्याची पांढरी पूड झटकून दिली. मनसारामला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. पहिलं खोटं निदान लेकासाठी होतं. हे फक्त स्वतःचं तोंड लपवायला होतं, आणि ते नातीच्या उशाशी ठेवून तो आला होता.

बैठकीत साईटवाल्याने प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्याने थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि कागदांची फाइल भूपेशच्या हाती ठेवली. फाइल संघप्रियाने हट्टाने मागवली होती, मुळापासूनचे सगळे कागद पाहिल्याशिवाय इसार नाही म्हणून. भूपेश एकेक पान उलटत होता. एकेक पान वाचून मैत्रीकडे देत होता. वाचायचा त्या पोरीला असा नाद की तेलाच्या पिशवीवरचं बारीक अक्षरसुद्धा सोडत नसे.

"नकाशा बरोबर आहे," भूपेश म्हणाला. "अकृषक परवाना आहे. आई, तू सांग. आवडलं का?"

"मले चूल कुठी मांडाची थे दाखवा, मंग सांगतो," गोकुळा म्हणाली. "बाकी घर बरं आहे. पोरीची शाळा त्या खिडकीतून दिसते, यातच आलं सगळं."

"काका?"

"मी काय सांगू," लटारू भिंतीला टेकून उभा होता, खुर्चीवर बसला नव्हता. "दादाले विचार. दादा मोठा आहे."

"मामाजी तं हो म्हणून मोकळे झाले," संघप्रिया हसून म्हणाली. "पाणी भरत नाई म्हणतात."

लटारूने भावाकडे पाहिलं. फार वेळ नाही. मनसारामने बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"सो-ने-झ-री," मैत्री वाचत होती. तिच्या मांडीवर एक जुना, पिवळा पडलेला कागद होता, दुसऱ्या कोणत्यातरी कागदाला टाचलेला. "सोनेझरी तलाव. बाबा, म्हणजे खरंच तलाव होता. मग म... मत्... हे मला येत नाही. त्याच्यापुढे नि-रं-क. निरंक म्हणजे काय?"

"काहीच नाही," भूपेश दुसरं पान बघत म्हणाला. "आमच्या हाफिसात पण लिहितात. रकाना रिकामा सोडाचा नसला का निरंक लिहाचं."

"आणि हे जोडाक्षर?"

भूपेशने मान लांबवली. "मत्स्योत्पादन. मासोळ्या किती निघतात थे."

"म्हणजे तलावात मासोळ्याच नव्हत्या?"

भूपेशचा हात पानावर थांबला होता. सोनेझरी हे नाव त्याने लहानपणी ऐकलं होतं, घरात, रात्री जेवताना, आणि मग एकाएकी ऐकू येईनासं झालं होतं.

"आबाजी," मैत्री म्हणाली, "हा 'म' तुमच्यासारखा आहे. मासोळीचा."

तिने कागद उचलून आजोबांसमोर धरला. तिला तो 'म' चांगला माहीत होता. सुट्टीत गावी आली की पाटीवर तो काढून घेतल्याशिवाय ती झोपत नसे. मनसारामने कागदाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"होत्या," लटारू म्हणाला. तो मैत्रीशीच बोलत होता, अगदी मऊ आवाजात. "मासोळ्या होत्या, बाई. मरळ होती, तुह्या हाताएवढी. शिंगी होती, झिंगे होते. हे घर आहे ना, इथीच डोह होता. त्या दिवशीच्या दोन मरळी तं मीच धरून देल्या होत्या तुह्या आबाजीले. पहाटे, गळ्याएवढ्या पाण्यात उतरून. दादा म्हणे, साहेबाले देऊन येतो, तलावाचा ठेका वाढवून भेटन."

मनसारामचे ओठ हलले. "तुले... तुले माहीत होतं?"

"मिरचीच्या शेवटच्या सालात माहीत झालं. संस्थेच्या जुन्या बाबूनं सांगतलं."

"आन् बांध? बांधावरून भांडला तू..."

"बांध दोन हाताचा होता, दादा. दोन हात मातीसाठी कोणी आठ साल भावाशी बोलणं सोडते का?"

गोकुळाने पदर तोंडाला लावला. तिने एकदाही नवऱ्याला "हे खरं आहे का" असं विचारलं नाही, आणि तेच मनसारामला सगळ्यात लागलं. म्हणजे तीही कधीपासून जाणून होती, किंवा तिने कधी जाणून घ्यायची हिंमतच केली नव्हती. जाऊन राहायचं कुठे, ह्या विचाराने बायका पुष्कळ गोष्टी विचारत नाहीत.

"सकाळी उतरल्या उतरल्याच मी पाळ ओळखली," लटारू म्हणाला. "तुडुम पाह्यलं. तू पण पाह्यलं. मी म्हटलं, आता दादा बोलन. स्वतःच्या नातीचा प्रश्न आहे, आता तं बोलन. म्हणून मी आत जाऊन फरशी मोजत बसलो. सुनेनं तुले सरळ विचारलं. मी आयकून राह्यलो होतो, दादा."

साईटवाला घसा खाकरून म्हणाला की जुन्या गोष्टी आहेत, सगळं कायदेशीर आहे, भराव टाकलेला आहे. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

भूपेश उठला होता. आवाज मात्र फार हळू निघाला. "बाबा, माह्या हॉस्टेलची जागा... थे मार्कावर भेटली होती ना?"

एक दिवस हे विचारलं जाईल हे मनसारामला ठाऊक होतं. पोरगा कारखान्यातल्या कार्यक्रमात सांगायचा, शाळांत बोलवलं की सांगायचा, मी ढिवराचा मुलगा, बारा गावांत पहिला आलो आणि त्या जोरावर शिकलो. लोक टाळ्या वाजवायचे. मनसाराम एकदा मागच्या रांगेत बसून ते ऐकत होता आणि टाळ्या वाजवायला त्याचे हात उठले नव्हते.

"तू हुशार होता," तो म्हणाला. "पहिलाच आला होता. त्यात खोटं नाई."

"मी थे नाई विचारलं."

"नाई," मनसाराम म्हणाला. "मार्कावर नाई भेटली."

भूपेश खाली बसला. काकाकडे त्याने पाहिलं आणि नजर लगेच खाली घेतली. चैतू त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. दोघं एका पाटीवर गमभन शिकले होते. मनसारामला दिसलं की लेकाच्या मानेवर तीच लाज चढते आहे जी सव्वीस वर्षं त्याच्या मानेवर होती. जमीनजुमला द्यायला त्याच्याकडे नव्हता. हे मात्र त्याने पोराला नीट पोचवलं होतं.

"काका," भूपेश म्हणाला, "मी..."

"तू काय करणार होता रे? नऊ सालाचा होता तू," लटारू म्हणाला. "तुह्यावर माहा राग नाई. चैतूचाही नाई. चैतूले तं काही माहीतच नाई. त्याले वाटते आपल्या नशिबात शाळा नव्हती."

संघप्रिया खुर्चीवरून उठून सासऱ्यासमोर आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने रोग्याला विचारावं तसं, शब्द न शब्द वेगळा करून विचारलं.

"मामाजी, मी पुन्हा विचारतो. इथी पाणी भरते का?"

मनसाराम उठला. तो मागच्या दारापाशी गेला, चौकटीला पाठ लावून त्याने एक डोळा मिटला आणि पाळीकडे नजर लावली. भराव टाकून जमीन उचलली होती, पण तुडुमाचा माथ्यावरचा दगड होता तिथेच होता. पोळ्याच्या सुमारास पाणी त्या दगडाला लागायचं. दरवर्षी. आता तर तुडुमाचं तोंड बुजलेलं, पाण्याला जायला वाटच नव्हती. दगडापासून आडवी सरळ नजर धरून तो मागे वळला आणि बैठकीच्या नव्याकोऱ्या भिंतीवर त्याने तळवा टेकवला.

"भरते," तो म्हणाला. "इथवर भरते."

"दादा, नीट पाह्य," लटारू म्हणाला.

मनसारामने पुन्हा दगडाकडे पाहिलं. हात चार बोटं वर सरकवला. "इथवर."

लटारू पुढे आला. खिशातून चपटी पेन्सिल काढून त्याने भावाच्या तळव्याखाली भिंतीवर रेघ ओढायला सुरुवात केली. मिस्त्र्याचा हात तो, रेघ कुठे हलली नाही. साईटवाला "अहो भिंत, भिंत खराब होते" म्हणत धावला, पण गोकुळा मधे उभी राहिली आणि तिला बाजूला करायची त्याची छाती झाली नाही. रेघ मागच्या दारापासून खिडकीपर्यंत गेली. खिडकीतून समोरची शाळा दिसत होती, फाटकावर नवीन रंग देणं चाललं होतं.

भूपेशने फाइल बंद करून साईटवाल्याच्या हाती दिली.

"सोमवारी काय दाखवाचं मंग शाळेत?" संघप्रिया स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली.

"बुधवारी संस्थेची बैठक आहे," लटारू पेन्सिल खिशात ठेवत म्हणाला. "मिरचीवाली साती घरं राह्यतात तिथी. आज जे इथी सांगतलं, थे तिथी सांगशीन का?"

मनसारामच्या डोळ्यांसमोर ते सात चेहरे आले. त्यांतले दोन आता नव्हते.

"सांगतो," तो म्हणाला.

"उभं राहून सांगजो. बसून नाई."

"हाव."

बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला. चैतू परत आला होता. त्याने दारातूनच हाक मारून विचारलं, घर जमलं का, पेढे आणू का. मग तो चपला काढून आत आला, भिंतीवरची ती काळी रेघ पाहून जरा थांबला, आणि हे कायचं लिहिलं आहे म्हणून त्याने सवयीने मैत्रीकडे पाहिलं.

मैत्री रेघेपाशी जाऊन भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली होती. रेघ तिच्या नाकावरून गेली.

"हे वाचायचं नाही, चैतूकाका," ती म्हणाली. "हे आबाजी सांगणार आहेत."

चैतू हसून आपल्या मोठ्या बाबाकडे, मनसारामकडे, वळला आणि ऐकायला उभा राहिला.